जूहाची किप्पु: शनिवार-रविवार हिंडणाऱ्या शिक्षिकेने दोन वर्षं वापरलेलं तिकीट

मी मूळची पुण्याची. ऑगस्ट 2023 पासून जपानमधल्या ओकायामा शहराजवळच्या एका सरकारी माध्यमिक शाळेत सहायक इंग्रजी शिक्षिका म्हणून काम करते. जपानला फिरायला येणाऱ्या आपल्या मंडळींना ‘जपान रेल पास’ माहीत असतो. तो थोड्या दिवसांसाठी आलेल्या पर्यटकांनाच मिळतो, इथे नोकरी करून राहणाऱ्या माझ्यासारखीला नाही. आणि शिनकानसेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, दर आठवड्याला हिंडण्याइतका माझा पगारही नाही. मग उरतं ते ‘सेइशुन जूहाची किप्पु’. इथे सगळे नुसतं ‘जूहाची किप्पु’ म्हणतात. सेइशुन म्हणजे तारुण्य, जूहाची म्हणजे अठरा आणि किप्पु म्हणजे तिकीट, पण वयाची अट नाही. सत्तरीतले आजोबा दुर्बीण आणि डबा घेऊन याच तिकिटावर निघालेले दिसतात. हे तिकीट 1982 पासून आहे.

त्यावर जेआरच्या, म्हणजे जपान रेल्वेच्या, देशभरातल्या साध्या आणि जलद गाड्यांतून दिवसभर कितीही फिरता येतं. शिनकानसेन चालत नाही. तोक्क्यु म्हणजे एक्सप्रेसही चालत नाही, अगदी वरचे पैसे भरायची तयारी असली तरी नाही. त्यात बसायचं तर मूळ भाड्यासकट सगळं तिकीट नव्याने काढावं लागतं. आपल्या पॅसेंजरवर पूर्ण देश पालथा घालण्यातला हा प्रकार, फक्त गाडी मिनिटाला मिनिट वेळेवर येते आणि बसायला मऊ खुर्ची असते. मिळतं वर्षातून तीनदाच: वसंतात, उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात, साधारण शाळेच्या सुट्ट्यांच्या आगेमागे.

जुनं तिकीट 12,050 येनला होतं. त्यावर पाच चौकोन असायचे. निघायच्या दिवशी गेटवरच्या खिडकीत ते द्यायचं, तिथला माणूस त्या दिवसाचा शिक्का मारायचा. पाच दिवस सलग असायची गरज नव्हती. दिवसाला पडायचे 2,410 येन. शिवाय एकाच तिकिटावर चार-पाच जण मिळून एक दिवस जाऊ शकायचे. 2024 च्या उन्हाळ्यात मी आणि शेजारच्या शाळेतल्या दोघी, एक फिलिपिन्सची आणि एक आयर्लंडची, अशा तिघी एका तिकिटावर ताकामात्सुला गेलो होतो. तीन शिक्के एकाच दिवसाचे. उरलेले दोन मी दोन वेगवेगळ्या शनिवारी वापरले. ते तिकीट अजून माझ्या पासपोर्टच्या कव्हरात आहे.

2024 च्या हिवाळ्यापासून नियम बदलले. आता तीन दिवसांचं 10,000 येनला (आपले साडेपाच ते सहा हजार रुपये) आणि पाच दिवसांचं 12,050 ला. दोन्ही सलग दिवसांचीच. एका तिकिटावर एकच माणूस. कुठल्या तारखेपासून वापरणार ते विकत घेतानाच सांगायचं. बदल्यात एक सोय मिळाली: ते आता सरळ स्वयंचलित गेटातून जातं, खिडकीपुढे रांग लावावी लागत नाही.

ही सोय खरी आहे. मोठ्या स्टेशनांवर सुट्टीच्या दिवसांत त्या खिडकीशी पंधरा-वीस माणसं उभी असायची आणि पुढची गाडी पकडायला चार मिनिटं. तरीही मला तो शिक्का हवा होता. इथे आले तेव्हा माझं जपानी फार कच्चं होतं. खिडकीतल्या काकांना ‘ओनेगाइशिमास’ (कृपया) म्हणून तिकीट द्यायचं, मग ते ‘आज कुठे?’ विचारायचे, मी गावाचं नाव सांगायचे, ‘तिकडे आज वारा आहे हं’ असं काहीतरी उत्तर यायचं. शाळेबाहेर कुणाशी अख्खं वाक्य बोलले ते पहिल्यांदा तिथेच.

सलग दिवसांची अट मात्र नोकरदाराला फार जड जाते. मुलांना सुट्टी असली तरी आम्हाला नसते. मार्चच्या शेवटी वर्ग रिकामे, कॉरिडॉरमध्ये फक्त बेसबॉलच्या मुलांचे आवाज, आणि मी शिक्षकखोलीत बसून एप्रिलच्या धड्यांची चित्रं कातरत असते. बाहेर जायचं तर नेनक्यु, म्हणजे हक्काची वार्षिक रजा घालावी लागते. पूर्वी मी रजेला हात न लावता पाच शनिवार फिरायचे. आता तीन दिवसांच्या तिकिटासाठी शुक्रवार किंवा सोमवार द्यावाच लागतो. पाच दिवसांचं घेतलं तर तीन रजा जातात, आणि मला घरी पुण्याला जायलाही त्याच रजा साठवायच्या असतात.

गेल्या वसंतात मी शुक्रवारची रजा टाकून तीन दिवसांचं तिकीट काढलं. हॉटेल घ्यायचं नाही, रोज रात्री ओकायामाला घरीच परतायचं असं ठरवलं होतं.

शुक्रवारी पहाटे मियाजिमा बेटाकडे निघाले. ओकायामाहून इतोझाकी, तिथे गाडी बदलून हिरोशिमावरून मियाजिमागुची. एका बाजूचे साडेतीन तास. शिनकानसेनने हिरोशिमा चाळीस मिनिटांवर आहे, त्यामुळे घाई असलेल्याने या तिकिटाच्या वाटेला जाऊ नये. मला घाई नव्हती. ओनोमिचीच्या आधी डावीकडे अचानक समुद्र येतो, इतका जवळ की पलीकडच्या बेटावरच्या गोदीतल्या क्रेन मोजता येतात, आणि उजवीकडे टेकडीवर देवळं आणि घरं एकमेकांच्या डोक्यावर बसल्यासारखी चढत गेलेली. परतताना मी तिथे दोन तास उतरले. साध्या गाडीच्या तिकिटाचं खरं सुख हेच की मनात आलं की उतरायचं. मियाजिमाला नेणारी जेआरची फेरीबोटही यात येते. फक्त बेटावर जाण्याचा 100 येनचा कर वेगळा भरावा लागतो, सुटे पैसे हाताशी ठेवा.

शनिवारी ताकामात्सु. मरीन लायनर ही जलद गाडी तासाभरात शिकोकू बेटावर नेते. आरक्षित डब्याचे वेगळे पैसे पडतात, साध्या डब्यात तिकीट पुरतं. 1988 साली झालेल्या सेतो पुलावर वरून मोटारी आणि खालून आगगाडी जाते. लोखंडी तिरप्या खांबांमधून समुद्र तुकड्यातुकड्यांनी दिसत राहतो, बेटं, मासेमारीच्या होड्या, पुन्हा बेटं. दुसऱ्यांदा जातानाही मी डबा उघडायचा विसरले. ताकामात्सुला उदोन, म्हणजे गव्हाच्या जाड शेवया रश्शात, खायचाच. त्याचा रस्सा इरिकोचा, म्हणजे सुकवलेल्या बारीक मासळीचा. माझी आई रत्नागिरीकडची. वाडग्यावरून जी वाफ आली ती थेट आमच्या स्वयंपाकघरातल्या सुक्या मांदेलीच्या डब्याची. शाकाहारी असाल तर मात्र आधी विचारून घ्या. भाजीचा म्हणून समोर आलेला वाडगाही बहुधा याच रश्शातला असतो.

रविवारी हिमेजीचा किल्ला. किल्ल्याबद्दल इतरत्र भरपूर लिहिलेलं आहे. मी सांगते परतीबद्दल. हिमेजीहून ओकायामाकडे येताना बहुतेक वेळा आइओई स्टेशनवर गाडी बदलावी लागते. तिथून पुढे गाड्या तासाला साधारण एक, आणि डबे थोडे. जूहाचीच्या दिवसांत लांब गाडीतली सगळी गर्दी दार उघडताच समोरच्या आखूड गाडीकडे पळते. या पळापळीला इथे ‘आइओई डॅश’ असं नावच पडलंय. पुणे-लोणावळा लोकलची सवय असलेल्या मला पळणं जड नव्हतं, पण माझ्या पुढच्या आजी काठी टेकत उतरत होत्या. मी त्यांची पिशवी धरली. आम्ही दोघी ओकायामापर्यंत उभ्याने आलो. तिकडे जाणार असाल तर दुपारी दोनच्या आत परत निघा. नशिबाने गुलाबी पट्ट्याची नवी उरारा गाडी लागली तर खुर्च्या चांगल्या आणि आत संडासही असतो.

हिशेब असा. तीन दिवसांची सुटी तिकिटं काढली असती तर साधारण 13,000 येन गेले असते. म्हणजे सुमारे 3,000 वाचले, माझ्या आठवड्याभराच्या भाजीचे. पण यात एक खर्च नेहमी धरायचा, तो म्हणजे ओमियागे. रजा घेऊन कुठे गेलात की शिक्षकखोलीसाठी त्या गावचा खाऊ आणायचा, एकेक तुकडा वेगळ्या कागदात बांधलेला. आमच्या खोलीत तेवीस टेबलं आहेत. मियाजिमाचे मोमिजी मांजू म्हणजे मेपलच्या पानाच्या आकाराचे, आत गोड वाटलेल्या चवळीसारख्या लाल डाळीचं पुरण भरलेले. सोमवारी सकाळी सगळे येण्याआधी मी ते टेबलाटेबलावर ठेवले. उपमुख्याध्यापक एरवी माझ्याशी वेळापत्रकापलीकडे बोलत नाहीत. त्या दिवशी त्यांनी खुर्ची ओढून विचारलं, ‘साध्या गाडीने गेलात? सगळं?’ आणि विद्यार्थी असताना ते याच तिकिटावर कुठे कुठे गेले होते ते मधली घंटा होईपर्यंत सांगत राहिले.

तिकीट घेणाऱ्यांसाठी आणखी दोन गोष्टी. शेवटच्या दिवशी रात्री बारा वाजता तिकीट संपतं. बारानंतर गाडी ज्या पहिल्या स्टेशनावर थांबेल तिथपर्यंतच ते चालतं, टोकियो-ओसाकाच्या शहरी भागात मात्र शेवटच्या गाडीपर्यंत चालतं. आणि मधूनच दुसऱ्या कंपनीचा रूळ लागतो का ते नकाशावर बघा. ओकायामाहून तोत्तोरीला जाताना कामिगोरी ते चिझु हा तुकडा जेआरचा नाही, तिथे वेगळं भाडं पडतं. त्सुयामावरून गेलात तर पडत नाही, पण गाड्या फार कमी आहेत.

सलग सुट्टी असलेल्या विद्यार्थ्याने पाच दिवसांचं डोळे मिटून घ्यावं. माझ्यासारख्या शनिवार-रविवारवाल्याने तीन दिवसांचं तेव्हाच, जेव्हा रोजचा प्रवास जाऊन-येऊन निदान साडेतीन हजार येनचा होणार असेल. पाच सुटे दिवस परत मिळाले तर मी आहे त्यापेक्षा दोन हजार येन जास्त द्यायला आनंदाने तयार आहे, आणि स्टेशनवरच्या अभिप्राय पेटीत मी माझ्या मोडक्या जपानीत तसं लिहूनही टाकलंय.

येत्या हिवाळ्यासाठी शुक्रवारच्या रजेचा अर्ज आधीच दिला आहे. या वेळी डब्यात लिंबाच्या लोणच्याचे ओनिगिरी, म्हणजे भाताचे गोळे, आणि मरीन लायनरमध्ये पुलावर पोहोचायच्या आधीच जेवून घेणार.