सात महिने आणि एक ॲलन की : माझ्या व्हीलचेअरचा अनुभव

ही माझी दुसरी व्हीलचेअर. पहिलीबद्दल आधी लिहिते, कारण ती चुकली नसती तर दुसरीकडे मी इतकं निरखून पाहिलंच नसतं.

आमचं घर बडोद्याला, दांडिया बाजारातल्या एका गल्लीत. खालच्या खोलीत माझं ब्लाउज आणि ड्रेस शिवायचं काम चालतं. तीन वर्षांपूर्वी माडीच्या जिन्यावरून पडले आणि पाठीच्या कण्याला इजा झाली. कमरेखाली हालचाल नाही, स्पर्शही कळत नाही. हॉस्पिटलमधून घरी येताना घाईघाईत खुर्ची घेतली. दुकानदारानं साडीवरूनच मांडीवर टेप टाकला, "अठरा इंची घ्या, ऐसपैस राहील" म्हणाला, आणि जिनं वीस वर्षं दुसऱ्यांची मापं काढली त्या मीच मान डोलावली. टेपनं घेर मोजतात हो! खुर्चीला लागते सरळ रुंदी. हे मला कळायला हवं होतं.

त्या अठरा इंचात मी दीड वर्ष एका बाजूला कलून बसले. चाकं इतकी लांब की हात पंखांसारखे फाकवून ढकलावं लागायचं. खांदे रात्री ठणकायचे. शेवटी एका ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं पुन्हा जमवायला शिकवणाऱ्या) ताईंनी मला कडक स्टुलावर बसवलं, दोन्ही कुल्ह्यांना टेकवून दोन जाड फायली उभ्या धरल्या आणि फायलींमधलं अंतर मोजलं. साडेपंधरा. म्हणजे दोन्हीकडे सव्वा सव्वा इंच मोकळं. कपड्यात ढील ठेवतो ती अंगाला हलता यावं म्हणून. खुर्चीत ढील राहिली की अंग कलतं. दुसरं माप पाठीपासून गुडघ्याच्या मागच्या खोबणीपर्यंतचं. तेवढीच बैठक खोल केली तर तिची कड पोटरीत रुतते, म्हणून दोन-तीन बोटं सोडायची. खुर्चीच्या पाठीची उंची खांद्याच्या पात्याच्या हाडाखाली, नाहीतर ढकलताना हात मागे जात नाहीत.

नवी खुर्ची घेतली ती सोळा इंच रुंद, सोळा खोल, फोल्डिंग, मागची चाकं बटण दाबून निघणारी, मागच्या एक्सलला (म्हणजे चाकाच्या आसाला) बसवायला पुढे-मागे आणि वर-खाली भोकं असलेली. ३८,००० रुपये पडले. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण मला सांगायचं आहे ते कंपनीबद्दल नाहीच. खोक्यातून निघालेली खुर्ची म्हणजे नुसती कच्ची शिलाई. फिटिंग पुढे.

त्याच ताईंनी सांगितलं की जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ साली हातानं चालवायच्या व्हीलचेअरसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात एकूण आठ पायऱ्या आहेत. पैसे आणि ऑर्डर ही चौथी. फिटिंग सहावी, वापरायला शिकवणं सातवी, दुरुस्ती आणि पुन्हा तपासणी आठवी. आपल्याकडे चौथीवर पेढे वाटतात.

खुर्ची आली तेव्हा एक्सल सगळ्यात मागच्या भोकात होता. कारखान्यातून बहुतेक अशाच येतात, कारण मागे उलटायची भीती कमी. पण मग अंगाचा भार पुढच्या छोट्या चाकांवर, म्हणजे कास्टरवर येतो आणि खुर्ची जड जाते. आमची गल्ली गटाराच्या बाजूला उतरती आहे. तिथं खुर्ची सारखी गटाराकडे ओढायची आणि मी एकाच हातानं तिला सावरत बसायची. ताई म्हणाल्या, एक्सल पुढे घ्या, पण एका वेळी एकच भोक, आणि मागची उलटू न देणारी चाकं काढायची नाहीत.

मला कुठला धीर! भाचा रविवारी ॲलन की, म्हणजे स्क्रू फिरवायची षटकोनी चावी, घेऊन आला. त्याच्याकडून दोन भोकं पुढे घेतली, आणि "ती मागची चाकं उंबऱ्याला अडकतात" म्हणून काढूनही टाकली. खोलीत खुर्ची पिसासारखी पळाली. मी खूश. मग ओट्यावरून खाली जायची फळी चढून परत येत होते, जरा जोरात ढकललं, आणि पुढची चाकं उचलली गेली. छत दिसलं. चिंध्यांचं गाठोडं मागे होतं म्हणून डोकं वाचलं. हे दारात आले आणि एक शब्द बोलले नाहीत. ते न बोलणंच जास्त लागलं. एक्सल एक भोक मागे गेला, मागची चाकं परत बसली. तीन आठवडे त्यावर काढले, हाताला अंदाज आला, मग पुन्हा एक भोक पुढे. आज मी तिथंच आहे. गल्लीत खुर्ची अजून थोडी ओढते, पण पूर्वीच्या निम्मीसुद्धा नाही, आणि खांदेदुखीची गोळी मे महिन्यानंतर घेतलेली नाही.

एक्सल पुढे गेला की चाक ब्रेकच्या जवळ येतं, हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. ब्रेक लागेचना, इतका घट्ट झाला. मग ब्रेकची पट्टी सैल करून तीही पुढे सरकवली. ब्रेक टायरवरच दाबतो, म्हणजे टायरमधली हवा कमी झाली की ब्रेकही ढिला. एकदा पलंगावर सरकताना खुर्ची अशीच मागे सरली. तेव्हापासून दर सोमवारी हवा, टायरच्या कडेला छापलेल्या आकड्याइतकी. टायरवरून आठवलं. मागची चाकं २४ इंची, म्हणून हे सायकलच्या दुकानातून २४ इंची टायर घेऊन आले. बसेचना. आपल्या टायरवर २५-५४० असं लिहिलेलं असतं, आणि मुलांच्या जाड टायरच्या सायकलचं २४ इंची म्हणजे ५०७. आकडा बघून घ्या. स्पोक ढिले झाले होते ते मात्र रावपुऱ्यातल्या सायकलवाल्या काकांनी दहा मिनिटांत ताणून दिले. चाक फिरवून बघितलं आणि म्हणाले, "बेन, आमां तो आउट छे, काढी आपुं." म्हणजे चाक डुलतंय, सरळ करून देतो. पैसे घेतले नाहीत, त्यांच्या सुनेचा ब्लाउज माझ्याकडे येतो.

आता गादीबद्दल, आणि इथं जरा थांबायला हवं. खुर्चीबरोबर आलेली दोन इंची फोमची गादी चौथ्या महिन्यात बसली. मला खाली काही जाणवत नाही, म्हणून हे रोज रात्री आरशानं बसायच्या जागेची कातडी बघतात. एका रात्री डाव्या बाजूला लाल डाग दिसला, आणि अर्ध्या तासानंही गेला नाही. दाबल्यावर पांढरा न होणारा, न जाणारा लालपणा म्हणजे जखमेची सुरुवात. आठवडाभर पलंगावर पडून काढला, दोन लग्नांची कामं परत केली. नंतर ताईंनी दाखवलं की पाय ठेवायच्या पट्ट्याही अर्धा-पाऊण इंच उंच होत्या. गुडघे वर आले की मांडी गादीवरून उचलली जाते आणि सगळा भार बसायच्या दोन हाडांवर. पट्ट्या खाली घेतल्या की मांडी पूर्ण टेकते. मांडीखाली हात सरकवून बघायचं, सगळीकडे सारखा दाब लागला पाहिजे. जमिनीपासून मात्र पट्टी दोन इंच तरी वर हवी, नाहीतर उंबऱ्याला अडकणार.

मग हवेच्या फुग्यांची चार इंची गादी घेतली. तिच्यात हवा भरून बसायचं, आणि हाडाखाली बोटं घालून बघत हवा सोडायची. हाड आणि तळ यांच्यामध्ये अर्धा ते एक इंच उरला की थांबायचं. गच्च भरलेली गादी जास्त चांगली, असं अजिबात नाही. ती चेंडूसारखी वागते.

गादी दोन इंचांनी वाढली आणि जमलेलं सगळं उसवलं. पट्ट्या दोन इंच वर घ्याव्या लागल्या. आर्मरेस्ट खाली गेल्यासारखे झाले. गुडघे शिलाईच्या टेबलाला आपटू लागले, म्हणून टेबलाच्या पायांखाली लाकडी ठोकळे. (मोटरचा पायपेडल मी टेबलावर ठेवून डाव्या कोपरानं दाबते, तो मात्र तसाच राहिला.) आणि चाकाची कडी, जी धरून हातानं ढकलतो ती, खाली राहिली. हात सैल सोडले की बोटांची टोकं एक्सलपर्यंत पोचायला हवीत, आणि कडीच्या माथ्यावर हात ठेवला की कोपर काटकोनाहून थोडा जास्त उघडलेला. माझी बोटं एक्सलच्या वरच थांबत होती. उपाय म्हणजे एक्सल एक भोक वर घ्यायचा, म्हणजे बैठक मागून खाली येते.

घेतला. खुर्ची हाताला आली, पण वळताना अडखळायला लागली, कास्टर थरथरायचा. कारण सापडलं दुसऱ्या दिवशी. बैठक मागून खाली गेली तशी सगळी फ्रेमच मागे कलली, आणि कास्टरचा उभा दांडा ओळंब्यात राहिला नाही. तो जमिनीशी काटकोनात हवा. भाच्यानं मोबाईलवर लेव्हल बघायचं काहीतरी उघडलं, एकदा एक आकडा, एकदा दुसरा. मी दोऱ्याला भरलेली बॉबिन बांधली आणि दांड्याच्या बाजूला लोंबकळत सोडली. दोरा स्थिर झाला तेव्हा दांडा वरच्या टोकाला बोटभर मागे गेलेला साध्या डोळ्यांना दिसला. दोन स्क्रू सैल करून दांडा दोऱ्याला समांतर आणला, घट्ट केला. थरथर गेली. त्या दिवशी आम्ही तिघं सूरसागर तलावाची चक्कर मारून आलो.

आता तक्रारी. फोल्डिंगचा मधला फुलीचा सांधा पावसाळ्यात कुरकुरतो. ढकलणाऱ्यासाठी मागचे दांडे फार खाली आहेत. हे उंच असल्यामुळे कमाटीबागेत त्यांना वाकून ढकलावं लागतं, आणि ती बाग काही छोटी नाही. उन्हाळ्यात ॲल्युमिनियमची कडी दुपारी हाताला चटका देते, हातमोजे घ्याच. आणि कास्टरच्या एक्सलला माझ्या धंद्याचा सगळा कचरा गुंडाळला जातो. दर रविवारी टाके उसवायचं रिपर घेऊन दोरे कापून काढते. मागच्या आठवड्यात गेल्या वर्षीच्या चनियाचोळीची जर निघाली. ती या खुर्चीत कशी आली देवाला ठाऊक, जुन्या खुर्चीवर होते तेव्हा शिवली होती.

पाचपैकी चार. भोकांना मी नेलपॉलिशनं खुणा केल्यात, लाल म्हणजे चालू, गुलाबी म्हणजे आधीचं. एका वेळी एकच बदल आणि निदान आठवडाभर वापर, हा नियम त्या पडण्यानंतर मोडलेला नाही. नवरात्रीच्या ऑर्डरी संपल्या की मागचे दांडे वाढवून घ्यायचेत. वेल्डिंगवाल्याला विचारलंय, पण खुर्ची दोन दिवस ठेवावी लागेल म्हणतो, आणि दोन दिवस जुन्या अठरा इंचीत बसायची माझी तयारी नाही.