व्योमकेश बघताना नजर टेबलावर ठेवा

बासु चटर्जींची 'ब्योमकेश बक्शी' दूरदर्शनवर १९९३ मध्ये आली आणि १९९७ मध्ये तिचे आणखी भाग आले. २०२० च्या टाळेबंदीत तिचं पुनःप्रसारण झालं, तेव्हा नव्या पिढीनेही ती पाहिली. गुन्ह्यांचा छडा लावणारा व्योमकेश म्हणजे रजित कपूर, त्याचा लेखक मित्र अजित म्हणजे के. के. रैना आणि बायको सत्यवती म्हणजे आपल्या सुकन्या कुलकर्णी. शरदिंदु बंद्योपाध्याय यांच्या बंगाली कथांवरची ही हिंदी मालिका आजही बघण्यासारखी आहे का? आहे, आणि कारण अगदी नेमकं सांगता येतं: यातले खून घरातल्या साध्या वस्तूंनी होतात आणि त्या वस्तू प्रेक्षकापासून लपवलेल्या नसतात.

'रास्ते का काँटा' घ्या. कलकत्त्याच्या रस्त्यात चालता चालता माणसं कोसळतात आणि काळजात ग्रामोफोनची पिन सापडते. आशुबाबू तेवढे वाचतात, कारण पिन खिशातल्या घड्याळावर आदळते. दुसरीकडे वर्तमानपत्रात एक विचित्र जाहिरात येत असते. मूळ कथेत तिचा मजकूर असा, की वाटेतला काटा दूर करायचा असेल तर शनिवारी संध्याकाळी साडेपाचला व्हाइटवे लेडलॉच्या दुकानाजवळच्या दिव्याच्या खांबाला हात लावून उभं राहा. पहिल्यांदा बघणारा पिनेच्याच मागे लागतो आणि तिथेच चुकतो. पिनेला वजन नाही. ती छातीत घुसायची तर वेग हवा, वेगासाठी काहीतरी यंत्र हवं, आणि ते यंत्र भर गर्दीत कुणाच्या हातात दिसलं तरी कोणाला खटकायला नको. एवढं मनात धरून आशुबाबूंची जबानी ऐका. काय दिसलं यापेक्षा काय ऐकू आलं, यावर व्योमकेश का अडून बसतो ते कळेल.

याच जातीचा, पण माझ्या मते सगळ्यांत सुबक भाग म्हणजे 'मकड़ी का रस'. नंददुलालबाबू आजारी, कजाग, दिवसभर काहीबाही लिहीत बसलेले. त्यांना कोळ्याच्या विषारी रसाचं व्यसन आहे. घरच्यांचा चोवीस तास पहारा, खोलीची झडती, तरी रस पोटात जातोच. व्योमकेश दुसऱ्या कामात अडकलेला, म्हणून अजित एकटा जाऊन सगळं बघून येतो. व्योमकेश घरबसल्या, फक्त अजितच्या सांगण्यावरून, कोडं सोडवतो. म्हणजे त्याच्या हातात जेवढी माहिती, तेवढीच आपल्याही. उलगडा म्हाताऱ्याच्या लिहिण्याच्या टेबलावर आहे. अजित पाहतो सगळं, फक्त त्याला महत्त्व देत नाही. रैनांनी हा अजित कुठेही बावळट केलेला नाही. तो हुशार लेखक आहे, चूक करतो तीही हुशार माणसाची, म्हणून ती आपलीही होते.

(पुढचा परिच्छेद 'अग्निबाण' पाहिला नसेल तर सोडा.)

तिथे मुलगी चुलीपाशी मेलेली सापडते. अंगावर जखम नाही, झटापटीची खूण नाही, फक्त जळालेली काडी. विष काडीच्या टोकाला आहे आणि धुरातून श्वासात जातं. हत्यार बिनचूक, नेम मात्र चुकतो, कारण काड्यापेटी ही घरात कोणा एकाची वस्तूच नसते. जो चूल पेटवेल त्याची. बायकोसाठी ठेवलेली काडी मुलगी ओढते. बापाने रसायनाचा सगळा हिशेब मांडला, पण सकाळी स्वयंपाकघरात आधी कोण जाईल याचा मांडला नाही. दुसऱ्यांदा बघताना हा भाग अंगावर येतो.

भाग बघण्याचा क्रमही महत्त्वाचा. 'सत्यान्वेषी' आधीच बघा. मेसमधली, म्हणजे भाड्याने राहणाऱ्यांच्या घरातली, ओळख, अजितशी मैत्री, होमिओपॅथीवाले अनुकूलबाबू, सगळं तिथे आहे. 'अर्थमनर्थ' सत्यवती असलेल्या इतर भागांच्या आधी बघा. रागाच्या भरात सारखं मृत्युपत्र बदलणारे करालीबाबू, मानेत खुपसलेली सुई, आणि संशय सत्यवतीच्या भावावर. ठाम आवाजात बोलणारा व्योमकेश तिच्यासमोर किंचित अडखळतो आणि रजित कपूरनी ते नुसत्या थांबण्यातून दाखवलंय. सुकन्या कुलकर्णींची सत्यवती नंतरच्या भागांत नवऱ्याचं कौतुक करत बसत नाही, त्याला टोकते. 'उपसंहार' मात्र 'सत्यान्वेषी' आणि 'अग्निबाण' या दोन्हींनंतरच. तो दोन्हींचे धागे उचलतो. आधी पाहिलात तर तीन भागांची मजा एका बैठकीत जाईल.

उणिवा आहेत. बहुतेक सगळं चार भिंतींत घडतं, कलकत्त्याचा रस्ता कमीच दिसतो. झटापटीचे प्रसंग कच्चे आहेत. मोठ्या कथांना वेळ पुरत नाही. 'साही का काँटा' ही मुळात एका बिनसलेल्या लग्नाची गोष्ट आहे. साळिंदराच्या काट्याने होणारे खून तिच्या कडेने चालतात. पडद्यावर खून पुढे येतात आणि लग्न घाईत उरकलं जातं. ही कथा वाचायलाच हवी. शरदिंदु १९५२ मध्ये पुण्याला राहायला आले आणि ही कथा त्या पुण्याच्या वर्षांतली, हे मराठी वाचकाला मुद्दाम सांगावंसं वाटतं.

शेवटी टीव्हीच्या सेटिंगचं. चित्र जुन्या चौकोनी आकाराचं, म्हणजे ४:३ आहे. टीव्हीवर 'फुल स्क्रीन' केलंत तर चेहरे ताणले जातात, 'झूम' केलंत तर वरचा आणि खालचा भाग कापला जातो. खालच्या भागातच टेबल असतं, आणि टेबलावर दौत, पेला, काड्यापेटी. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहू द्या.