ऑलिंपस ट्रिप ३५: लाल पट्टी वर आली, तरच घ्या

पुण्याच्या जुन्या बाजारात हा कॅमेरा दिसला की मी आधी मागचं चाक थांबेपर्यंत फिरवते, भिंगाभोवतीची रिंग 'ए'वर, म्हणजे ऑटोवर आणते, भिंग तळहाताने झाकते आणि बटण दाबते. ट्रिप जिवंत असेल तर बटण दबतच नाही. व्ह्यूफाइंडरमध्ये खालून एक लाल पट्टी वर येते. मग हात काढून उन्हाकडे तोंड करायचं. आता शटर सुटलं पाहिजे. दोन्ही जमलं तरच किमतीचं बोलणं. विकणारा 'चालू आहे ताई' म्हणाला, एवढ्यावर मी एकदा दुसरा एक कॅमेरा घेतला होता. तो आजही कपाटात नुसता बसून आहे.

माझा ट्रिप एका बुधवारी अठराशेला मिळाला. भिंगाभोवती ते खडबडीत, मधमाश्यांच्या पोळ्यासारखं काचेचं कडं आहे ना, तो सेलेनियम सेल. उजेड पडला की तो स्वतःच वीज तयार करतो, त्यावर उजेड मोजणाऱ्या मीटरचा काटा हलतो आणि कॅमेरा भिंगाचं छिद्र किती उघडायचं आणि शटर १/४० सेकंद उघडं ठेवायचं की १/२०० हे आपलं आपण ठरवतो. बॅटरी लागतच नाही. माझ्याकडच्या याशिका इलेक्ट्रो ३५ या दुसऱ्या जुन्या कॅमेऱ्याची मूळ मर्क्युरी बॅटरी बनायचीच कधीची बंद झाली, अडॅप्टर लावून भागवावं लागतं. शिवाय इलेक्ट्रोवर टोपण तसंच राहिलं तर फोटो कोरा निघतो. ट्रिपवर टोपण राहिलं की सेलही झाकला जातो, लाल पट्टी वर येते, रोल वाया जात नाही. १९६७ साली प्रवासाला निघालेल्या साध्या माणसासाठी हा कॅमेरा काढला, तेव्हा इतका विचार केला होता.

४० मिमी, एफ २.८ चं झुइको (ऑलिंपसचंच नाव) भिंग चारच काचांचं, पण उन्हात ते जे टिपतं ते पाहून मी गप्प होते. पर्वतीच्या पायऱ्यांवर सकाळी नऊला काढलेल्या फोटोत दगडावरच्या छिन्नीच्या खुणा मोजता येतात.

अंतर मात्र डोळ्यांनी ओळखायचं. रिंगवर चार चित्रं: एक माणूस, दोन माणसं, घोळका, डोंगर. म्हणजे एक मीटर, दीड, तीन आणि अनंत. पहिल्या रोलमध्ये आईचे जवळून काढलेले तीन फोटो पुसट आले, कारण रिंग डोंगरावरच राहिली होती. आता फोटोआधी व्ह्यूफाइंडरच्या खालच्या इवल्या खिडकीत ते चित्र बघायची सवय लागली. घरातल्या संध्याकाळसाठी मात्र हा कॅमेरा नाही. फिल्मचा वेग, म्हणजे ती कमी उजेडात किती टिपते तो आकडा, ४०० च्या वर लावता येत नाही आणि १/४० ला मुलं हलतातच.

घेतल्यावर मागचं दार उघडून बघा. उजेड आत शिरू नये म्हणून खाचेत बसवलेला काळा फोम बहुतेक डांबरासारखा चिकट झालेला असतो. मी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि दातकोरण्यांनी तो खरवडून काढला, जागी काळी लोकर बसवली. एक दुपार गेली, उजेडाची गळती थांबली. बुरशी हा खरा शत्रू. भिंगातून टॉर्च मारा, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर पाय काढा. मामाचा रत्नागिरीचा कॅमेरा चामड्याच्या केसमध्येच अनेक पावसाळे राहिला आणि तसाच गेला. माझे चौदाही कॅमेरे केसबाहेर, झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलसोबत असतात, आणि श्रावण सरला की एकेक उन्हात बसतो.

रोल, धुणं, स्कॅन मिळून छत्तीस फोटोंना दीड हजाराच्या घरात जातात, म्हणून महिन्याला एकच. पहिला जुना कॅमेरा कुठला घेऊ, असं कोणी विचारलं की मी ट्रिपच सांगते. माझ्या भाचीला मी माझाच दिलाय. रविवारी तिचा पहिला रोल धुऊन येतोय.