डाव संपल्यावर विचारायचं कुणाला: मोफत इंजिन, पैशाचं ॲप की सर?

माझा भाचा खानापूरला सातवीत आहे. गेल्या पावसाळ्यात बेळगावच्या एका बुद्धिबळ स्पर्धेत हातातला डाव त्यानं बरोबरीत घालवला. रात्री तोच डाव फोनमध्ये घातला, तर शेवटच्या वीसेक खेळ्या इंजिन, म्हणजे डाव तपासणारा प्रोग्रॅम, नुसतं ०.०० (बरोबरी) दाखवत बसलं. "मामा, हे बिघडलंय की! माझ्याकडं उंट आहे, प्यादं आहे, त्याच्याकडं नुसता राजा. बरोबरी कशी?"

बिघडलं काही नव्हतं. प्यादं एच फाइलवरचं (म्हणजे पटाच्या कडेच्या उभ्या ओळीतलं) आणि उंट पांढऱ्या घरांचा. प्याद्याचा वजीर व्हायचा ते एच८ घर मात्र काळं. काळा राजा त्या कोपऱ्यात जाऊन बसला की पांढऱ्या घरांवरून फिरणारा उंट त्याला तिथून हलवूच शकत नाही. फार दाबलं तर स्टेलमेट, म्हणजे शह नाही पण खेळीही नाही, डाव बरोबरीत. चूक कुठं झाली तेही इंजिननं दाखवलं होतं. शेजारच्या जी फाइलवरच्या प्याद्यानं एचवरचं काळ्याचं शेवटचं प्यादं मारलं, त्या खेळीवर दोन लाल प्रश्नचिन्हं. फुकटचं प्यादं म्हणून यानं खुशीनं खाल्लेलं! पण 'का' हे कुठंच लिहिलेलं नव्हतं. शेवटी सोप्यावर पट मांडला, काळा राजा कोपऱ्यात ठेवला आणि म्हटलं, "काढ बघू याला बाहेर." पंधरा मिनिटं उंट फिरवून पोरगं आपलं आपणच हसायला लागलं.

तेव्हापासून ओळखीचे पालक विचारतात, घ्यायचं काय? तीन वाटा आहेत.

पहिली, मोफत. लिचेस या बुद्धिबळाच्या वेबसाइटवर स्टॉकफिश नावाचं इंजिन फुकट मिळतं, जाहिरातीही नाहीत. पटावर राजे धरून सात किंवा कमी मोहरे उरले की तिथं टेबलबेसमधून, म्हणजे आधीच सोडवून ठेवलेल्या शेवटांच्या साठ्यातून, पक्का निकालच कळतो. अँड्रॉइडवर ड्रॉइडफिश हे ॲप घेतलं तर नेटही लागत नाही. जांबोटी-कणकुंबीकडं पावसात लाइट आणि रेंज जोडीनं जातात, तिथं हेच कामाचं. फोन तापतो आणि बॅटरी उतरते, एवढं सोसायचं. इंजिनच्या ताकदीची काळजी नको. १९९७ मध्ये जगज्जेत्या कास्पारोव्हला ३.५-२.५ असं हरवायला डीप ब्लू हा आयबीएमचा महासंगणक लागला होता. आज खिशातला साधा फोनही जगज्जेत्याला पुरून उरतो.

मात्र डाव कुणाकडं झुकलाय ते सांगणारा इंजिनचा आकडा वाचायला शिकवा. स्टॉकफिशच्या २०२२ मधल्या १५.१ आवृत्तीपासून +१ म्हणजे एक प्यादं जास्त, असा हिशेब राहिलेला नाही. इंजिन विरुद्ध इंजिन डावात जिंकण्याची शक्यता निम्मी, असा त्याचा अर्थ. तुमच्या मुलाच्या डावात +०.४ आणि +०.९ यांच्यात काही फरक नसतो. त्यावर डोकं शिणवू नका. +३ चं एकदम −२ झालं असेल, म्हणजे डाव उलटला असेल, तिथं थांबा. आणि पहिल्या दोन सेकंदांतला आकडा खरा मानू नका, डेप्थ, म्हणजे इंजिन किती खोलवर पुढचं बघतंय तो आकडा, वीसच्या पुढं जाऊ दे.

लीलासारखी मोठ्या न्यूरल नेटवर्कवर चालणारी इंजिनं आपल्याला नकोत. त्यांना दणकट ग्राफिक्स कार्ड लागतं आणि सातवीतल्या चुका सापडायला स्टॉकफिश उरून पुरतं.

दुसरी वाट पैशाची. असं एक ॲप मी वर्षभर घेतलं होतं. दिसायला झकास, प्रत्येक खेळीला शेरा. पण शेरे इंग्रजीत आणि पोरगा मराठी शाळेतला, त्यामुळं तो शेरे वाचायचाच नाही. हिरव्या खुणा मोजून झोपायचा. वर्ष संपल्यावर न विचारता पुन्हा पैसे कापले गेले, तो वैताग वेगळाच. मूल इंग्रजी सहज वाचत असेल आणि रोज चार-पाच डाव खेळत असेल तर घ्या. नाहीतर ते पैसे बसच्या तिकिटाला ठेवा.

कारण तिसरी वाट सरांची. दर रविवारी खानापूर-बेळगाव म्हणजे निम्मा दिवस गेला, हे मान्य. पण टिळकवाडीतले आमचे सर आधी विचारतात, "ही खेळी करताना तुझ्या मनात काय होतं?" हा प्रश्न इंजिन विचारत नाही. अथणी-कागवाडकडच्यांना तर बेळगावपेक्षा मिरज-सांगली जवळ, आणि सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी उभं केलेलं नूतन बुद्धिबळ मंडळ आहे.

मला विचाराल तर नवशिक्याला सर आणि मोफत इंजिन, बस्स. सर मिळणारच नसतील तर मोफत इंजिन आणि शेजारी बसणारं घरचं कुणीतरी. त्याला बुद्धिबळ थोडंच येत असलं तरी चालतं, 'का' विचारता आलं पाहिजे. ऑनलाइन डाव चालू असताना मात्र इंजिनला हात लावू द्यायचा नाही. पकडलं तर खातं बंद होतं.

भाच्याला एक वही दिलीय. इंजिन सुरू करायच्या आधी स्वतःला खटकलेल्या तीन खेळ्या त्यात लिहायच्या, मगच फोन. गेल्या रविवारी त्याच्या तीनपैकी एक इंजिनशी जुळली.