क्वांटम अवस्था : ज्ञान की वास्तव?
क्वांटम अवस्था म्हणजे कणाविषयीचे आपले अपुरे ज्ञान, असे मानले तर मापनाच्या क्षणी ती एकाएकी बदलण्यात गूढ उरत नाही. माहिती मिळाली, म्हणून नोंद बदलली, इतकेच. स्पेकेन्स यांच्या २००७ च्या साध्या प्रतिमानात टेलिपोर्टेशनसुद्धा (एका कणाची अवस्था दूरच्या दुसऱ्या कणावर उमटवणे) केवळ ज्ञानावर मर्यादा घालून मिळते. मिळत नाही ती संदर्भनिर्भरता, म्हणजे एखाद्या मापनाचे फळ सोबत आणखी काय मोजले जाते यावर अवलंबून असणे, आणि माझ्या मते खरी अडचण तिथेच आहे. पेरेस व मर्मिन यांच्या चौकोनात दोन क्यूबिटांच्या (दोन-अवस्थी क्वांटम प्रणालींच्या) मोजता येणाऱ्या नऊ राशी तीन ओळी आणि तीन स्तंभांत मांडलेल्या असतात. क्वांटम सिद्धान्तानुसार सर्व ओळींचा व पहिल्या दोन स्तंभांचा गुणाकार +१, तर शेवटच्या स्तंभाचा −१ यावा लागतो, आणि नऊ घरांत आधीच ठरलेली +१ किंवा −१ ही मूल्ये भरून ते साधत नाही, कारण नऊही मूल्यांचा गुणाकार ओळींवरून +१ तर स्तंभांवरून −१ निघतो. मग ज्ञान आहे ते नेमके कशाचे?

अवस्थाच वास्तव मानणाऱ्यांच्या बाजूने प्युसी, बॅरेट व रुडॉल्फ यांचे २०१२ चे प्रमेय आहे: अवस्था म्हणजे केवळ वास्तवाविषयीचे ज्ञान मानले, तर क्वांटम सिद्धान्ताच्या भाकितांशी विसंगती येते. मात्र स्वतंत्रपणे तयार केलेल्या प्रणालींची वास्तव स्थितीही परस्परांपासून स्वतंत्र असते, हे त्याचे गृहीतक (नाकारता येण्याजोगे, पण नाकारणे महाग) विसरून चालत नाही. शिवाय या पक्षाला मापनातील तो बदल प्रत्यक्ष घटना म्हणून समजावून द्यावा लागतो, किंवा एव्हरेटच्या बहुविश्व-मताप्रमाणे तो घडतच नाही असे म्हणावे लागते.