मॅजिक पास, ब्रेतेची रेल्वे आणि डबा खायची खोली: एका हिवाळ्याचा अनुभव

स्की रिसॉर्ट निवडताना मी आता सगळ्यात आधी एकच गोष्ट विचारतो: स्वतःचा डबा उघडून छपराखाली बसायला जागा आहे का? पिस्टांचे, म्हणजे स्की करायच्या आखलेल्या उतारांचे किलोमीटर, लिफ्टांची संख्या, शिखराची उंची हे सगळं नंतर. डिसेंबर ते एप्रिल पश्चिम स्वित्झर्लंडमध्ये आमचा आठ-दहा जणांचा गोतावळा घेऊन हिंडल्यावर हे मत पक्कं झालंय. त्यामागे पैसे आहेतच, पण पैशांहून जास्त माणसं आहेत.

आम्ही लोझानजवळ राहतो. गट असा: दोन घरांतली मुलं, जी शाळेच्या स्की कॅम्पमुळे आईबापांच्या कधीच पुढे गेली आहेत. फ्रान्समधल्या ग्रनोब्लला शिकलेला एक मित्र, जो काळ्या, म्हणजे सगळ्यात अवघड पिस्टवरून सहज उतरतो. मी लाल, म्हणजे मधल्या पातळीच्या पिस्टवर सावकाश येणारा. माझी बायको आणि मित्राची बायको, दोघी चाळिशीत पहिल्यांदा स्कीवर उभ्या राहिलेल्या. आणि सांगलीहून तीन महिन्यांसाठी आलेले आई-बाबा, ज्यांना फक्त बर्फ बघायचा होता आणि नातवंडांना घसरताना बघायचं होतं. एवढ्या सगळ्यांना एकाच डोंगरावर, फार खर्च न करता, दिवसभर सुखात ठेवायचं हे खरं काम.

मॅजिक पास काय आहे हे इथल्या बहुतेकांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात: एकाच हंगामी पासवर बऱ्याच स्की ठिकाणच्या लिफ्ट वापरता येतात. २०१७ साली २५ ठिकाणं एकत्र येऊन तो सुरू झाला, तेव्हा लवकर घेणाऱ्यांना ३५९ फ्रँकला मिळत होता. आता ठिकाणं कितीतरी जास्त आहेत आणि किंमतही वर गेली आहे. वसंतात तो सगळ्यात स्वस्त असतो, मग टप्प्याटप्प्याने महाग होतो. मोठ्या ठिकाणी दिवसाचा पास साठ फ्रँकच्या आसपास किंवा त्याहून वर जातो. त्यामुळे हिवाळ्यात सात-आठ दिवस जाणाऱ्याचे पैसे सुटतात. हे गणित सगळेच करतात.

डिसेंबरात माझं मत होतं की नवशिक्यांनी हंगामी पास घेऊच नये. पायथ्याशी नवशिक्यांना उतारावर वर नेणारा सरकता पट्टा असतो, बऱ्याच गावांत त्याचं वेगळं, स्वस्त तिकीट मिळतं, त्यावर चार दिवस काढावेत आणि पुढचं पुढे. मार्चपर्यंत हे मत साफ बदललं. कारण आपल्याकडची 'पैसे वसूल' करायची सवय. दिवसाचं तिकीट काढलं की माणूस सकाळी नऊपासून लिफ्ट बंद होईपर्यंत उतरत राहतो. नवशिक्याच्या मांड्या दुपारी एकच्या सुमारास संपलेल्या असतात. त्यानंतर तो वळत नाही, नुसता ओढला जातो. त्यात उन्हाने बर्फ मऊ आणि ढेकळ्या झालेला. गुडघे जातात ते याच वेळी. हंगामी पास हातात असला की बायको दोन तास छान सराव करते आणि 'आज पुरे' म्हणून मोकळी होते. त्या दोन तासांत ती जे शिकते ते थकून काढलेल्या सहा तासांत कधी शिकली नसती. म्हणून आता मी उलटं सांगतो: तुमच्या गटात कोणाला पासची सगळ्यात जास्त गरज असेल तर ती नवशिक्यालाच. तरबेज माणूस दिवसाचं तिकीटही पुरेपूर वापरतो.

पास असला म्हणजे कुठेही जावं असं मात्र नाही. फ्रिबुर्ग आणि ज्युराकडची छोटी स्टेशनं जवळ आहेत, गर्दी कमी, गाडी लिफ्टपाशी लागते. आम्ही सुरुवातीला तिकडेच गेलो. पण ले पाको किंवा ले ब्युन्येने-साव्हान्येरसारख्या ठिकाणी मुख्यतः ओढणाऱ्या लिफ्ट आहेत, दोरीला काठी किंवा बशी असलेल्या. मुलांना त्यात मजा येते. चाळिशीतल्या नवशिक्याला तीच सगळ्यात अवघड गोष्ट. वर चढतानाच तोल जातो, मागचे थांबतात, माणूस ओशाळतो आणि पुन्हा रांगेत उभं राहायचं नाव काढत नाही. दोन्ही बायकांची हिंमत तिथे खचली होती. खुर्चीच्या लिफ्टवर बसता येतं, गंडोलात, म्हणजे तारेवरून जाणाऱ्या बंद डब्यात, तर बूट घालून चालत शिरायचं. त्यामुळे नकाशा बघताना मी पिस्टांचे रंग नंतर बघतो, आधी नवशिक्यांच्या पिस्टवर कोणती लिफ्ट आहे ते बघतो. शिवाय ही ठिकाणं खालच्या उंचीवरची, पाऊस पडला की हंगाम आटोपला.

रंगांबद्दलही एक सांगतो. फ्रान्समध्ये सर्वांत सोप्या पिस्ट हिरव्या असतात. स्वित्झर्लंडमध्ये निळ्यापासून सुरुवात होते. म्हणजे इथल्या निळ्यात अगदी सपाट बागेसारखा उतार येतो आणि ज्यावर नवशिकी व्यक्ती मध्येच बसून रडेल असा अरुंद रस्ताही येतो. पिवळ्या खुणांचा मार्ग दिसला तर तो तयार केलेला पिस्ट नसतो. मुलांना हे आधी समजावून ठेवा.

व्हॅले प्रांतातलं ग्रिमेंत्स-झिनाल जानेवारीत माझ्या यादीत पहिलं होतं. गावातून गंडोलाने बेंदोलाला गेलं की नवशिक्यांचा भाग तिथेच वर, दोन हजार मीटरच्या पुढे. म्हणजे बर्फाची खात्री. ग्रिमेंत्सहून झिनालकडे जाणारी केबल कार आहे आणि तरबेज लोकांना कोर्न द सोरबुआपर्यंत, २८९५ मीटरवर जाता येतं. आमचा ग्रनोब्लवाला मित्र तिथून निघायलाच तयार नव्हता. बायका वरच सराव करत आणि उतरताना गंडोलात बसून येत. गावाकडे उतरणारा पिस्ट झेपेल की नाही ही चिंता नाही. ज्या ठिकाणी सोपा भाग वर आहे आणि खाली यायला गंडोला चालते, ते ठिकाण मिश्र गटाला चांगलं, हा माझा दुसरा नियम.

मग ते पहिलं का राहिलं नाही? प्रवासामुळे. लोझानहून सिएरपर्यंत रेल्वे झकास. तिथून पोस्टबस, व्हिस्वाला बदल, आणि वळणं इतकी की मागे बसलेली मुलं पांढरी पडतात. एका दिवसात जाऊन-येऊन आई-बाबांना ते झेपलं नाही. राहायचं तर गावातले दर आमच्या खिशाला नकोसे. दोन रात्री राहणाऱ्या तरुण गटाला मी आजही ग्रिमेंत्सच सांगेन.

आम्हाला सापडलं ते व्हिलार. बे स्टेशनहून छोटी रेल्वे व्हिलारला चढते, आणि व्हिलारहून दातेरी चाकांची गाडी कोल द ब्रेतेला, अठराशे मीटरवर नेते. ही वरची रेल्वे १९१३ पासून चालू आहे. ब्रेते ही खिंड आहे. तिथून शामोसेरकडे आणि शो रोंदकडे खुर्च्यांच्या लिफ्ट जातात आणि बरेचसे पिस्ट फिरून पुन्हा त्याच खिंडीत उतरतात. आणि सगळ्यात मोठी गोष्ट: स्की न करणारा माणूस, हातात काठी घेतलेला सत्तरीचा माणूस, रेल्वेच्या डब्यात बसून अगदी त्याच जागी येऊ शकतो. बाबा खिंडीत बाकावर बसले, नातू वरून येताना दिसला की हात करायचे. नातू थांबायचा, आजोबांना एक चक्कर मारून दाखवायचा आणि पुन्हा लिफ्टकडे. इतर ठिकाणी आई-बाबा खाली गावात वाट बघत बसायचे आणि आम्ही वर घड्याळ बघत. ब्रेतेला कोणी कोणाची वाट बघितली नाही.

मुलांच्या भाड्यासाठी ज्युनियर कार्ड काढा. ३० फ्रँकमध्ये वर्षभर ६ ते १६ वयाचं मूल आईवडिलांबरोबर रेल्वेने फुकट फिरतं, सहाच्या आतलं तसंही फुकट. मोठ्यांनी हाफ-फेअर, म्हणजे अर्ध्या भाड्याचं कार्ड. पार्किंग आणि पेट्रोल धरलं तर आम्हाला गाडीपेक्षा रेल्वे स्वस्त पडली, आणि परतताना सगळेच झोपू शकतात.

आता डबा. डोंगरावरच्या उपाहारगृहात पास्त्याची एक थाळी वीस फ्रँकच्या पुढे, चहा चार-पाच. दहा जणांचं साधं जेवण अडीचशे फ्रँक. ते एक वेळ सोसलं तरी शाकाहारी माणसाला रोश्ती, पास्ता आणि बटाट्याच्या काड्या यांच्यापलीकडे फारसं काही मिळत नाही. आणि आपला डबा तिथे उघडला तर कर्मचारी सभ्यपणे पण ठामपणे बाहेर जायला सांगतात. त्यांचंही बरोबर आहे, त्यांचा तो धंदा आहे. बाहेर उणे आठ असतं. मग काय होतं? मुलं लिफ्टवर बसून चॉकलेट खातात, तरबेज मित्र जेवतच नाही, नवशिके खाली निघून जातात. सकाळी वेगळा झालेला गट संध्याकाळपर्यंत एकत्र येतच नाही. मिश्र गटात पातळी वेगळी असते, त्यामुळे पिस्टवर सगळे सोबत राहूच शकत नाहीत. एकत्र असण्याची वेळ एकच, जेवणाची. ती गेली की सहल आपापली होते.

फ्रेंच भाषिक भागात पुष्कळ ठिकाणी डब्यासाठी वेगळी खोली असते. दारावर 'साल ऑर-साक' अशी पाटी. व्हॅलेमधल्या एका छोट्या स्टेशनवर ती मला पहिल्यांदा दिसली. लांब लाकडी टेबलं, भिंतीला हीटर, त्यावर वाळत घातलेले हातमोजे. इथली साधी कुटुंबं पाव, चीज आणि सूपचा थर्मास घेऊन बसलेली. आम्ही धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि गूळपोळी काढली. शेजारच्या आजींनी चटणीची चव घेतली आणि आम्हाला त्यांच्या सुक्या मांसाचा तुकडा देऊ केला, तो माझ्या मुलाने घेतला. बाबा त्या दिवशी घरातल्यासारखे बसले होते. पर्यटन कार्यालयाला आधी ईमेल करून विचारा, उत्तर देतात. नकाशावर ही खोली दाखवलेली असेलच असं नाही.

डब्यातलं काय टिकतं तेही सांगतो. थालीपीठ थंडीत कडक होतं. साबुदाण्याची खिचडी दगड होते, चतुर्थीला तिच्या भरवशावर राहू नका. दह्यात भिजवलेले धपाटे मऊ राहतात. तिखटमिठाच्या पुऱ्या चालतात. थर्मासमध्ये टोमॅटोचं सार न्या, मुलं पाण्यापेक्षा ते पटकन पितात, आणि थंडीत तहान कळत नाही म्हणून ते महत्त्वाचं.

ब्रेतेला आम्ही उन्हाचा दिवस बघून जातो आणि बाहेर बाकांवर खातो. डब्याच्या खोलीवर मात करणारी एकच गोष्ट मला सापडली, ती म्हणजे ती रेल्वे.

या हिवाळ्यातला एकमेव कडू अनुभव भाड्याच्या दुकानाचा. नाव घेत नाही. बायकोला त्यांनी पायापेक्षा दीड माप मोठे बूट दिले. मोठा बूट आधी आरामदायक वाटतो, पण आत टाच उचलली जाते आणि स्की वळतच नाही. दुसऱ्या दिवशी बदलायला गेलो तर 'जाड मोजे घाला' असं उत्तर. तासभर हुज्जत घातली, शेवटी बूट बदलून मिळाले, गेलेल्या दिवसाचे पैसे नाही ते नाहीच. स्की बुटाचं माप सेंटिमीटरमध्ये असतं. घरी कागदावर पाय ठेवून मोजून जा. ताठ उभं राहिल्यावर अंगठा पुढे टेकला पाहिजे आणि गुडघे वाकवल्यावर किंचित मागे आला पाहिजे. मोजा एकच, पातळ. बाइंडिंग (बूट स्कीला धरून ठेवणारी खिट्टी) लावताना दुकानदार वजन, उंची, वय आणि पातळी विचारतो. नवशिक्याने स्वतःला नवशिकाच म्हणावं, नाहीतर पडल्यावर स्की सुटत नाही आणि पाय पिळवटतो. मुलांचं सामान मात्र हंगामभराच्या भाड्यानेच घ्या, किंवा शरदातल्या जुन्या सामानाच्या बाजारात. पाय वाढतात, विकत घेणं व्यर्थ.

ज्यांचे आईवडील भारतातून येतात त्यांनी विमा नीट वाचावा. इथे एका ठिकाणी आठवड्याला किमान आठ तास नोकरी असणाऱ्याला कामाबाहेरच्या अपघाताचंही संरक्षण नोकरीतूनच मिळतं. पाहुण्यांना ते नसतं. प्रवास विम्यात हिवाळी खेळ आणि डोंगरावरून सुटका वगळलेली असू शकते. बाबा स्की करत नव्हते तरी बर्फावर पाय घसरतोच. आम्ही त्यांच्यासाठी वेगळा विमा काढला आणि बुटांना लावायचे काटे घेऊन दिले.

फेब्रुवारीच्या शाळेच्या सुट्टीत जाऊ नका, लिफ्टच्या रांगेतच दिवस जातो. मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात दिवस मोठा, ऊन चांगलं, गर्दी विरळ. नवशिक्यांनी सकाळी साडेनऊ ते बारा, बाकीच्यांनी हवं तितकं. पुढच्या हिवाळ्याचे पास आम्ही वसंतातल्या दरातच काढले, या वेळी दोन्ही बायकांचे सर्वांत आधी.