१२ व्होल्टचा गार्डन लाइट सेट : दिवे ठीक, सोबतचे कनेक्टर बाजूला काढा

दापोलीजवळ आमचं घर आहे, गेटपासून पडवीपर्यंत जांभ्याची पाखाडी, आणि फुरशाच्या भीतीने आई-बाबा अंधार पडला की खाली उतरायचंच टाळायचे, म्हणून हा सेट मागवला. बारा स्पाइक लाइट, प्रत्येकी ५ वॅटचे, २३० वरून १२ व्होल्ट करणारा ड्रायव्हर, वायरचं बंडल आणि मूठभर कनेक्टर, सगळं आठ हजारांच्या आत. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, असलेच सेट ढीगभर नावांनी विकले जातात आणि खोक्यातला माल साधारण असाच असतो.

दिवे खरंच बरे आहेत. अॅल्युमिनियमची बॉडी, काचेखाली रबरी गॅस्केट नीट बसलेलं, उजेड ३०००के (केल्विन, म्हणजे रंगाचं माप) चा पिवळसर, त्यामुळे पांढऱ्या लाइटएवढे किडे गोळा होत नाहीत. अख्खा पावसाळा बाहेर काढला तरी आत बाष्प धरलेलं नाही. स्पाइक मात्र प्लास्टिकचा, जांभ्यात हातोडीने ठोकायला जाल तर पहिल्याच घावाला मोडेल, पहारीने भोक पाडायचं, त्यात माती भरायची आणि मग दिवा रोवायचा.

खोक्यावर मोठ्या अक्षरात वॉटरप्रूफ लिहिलंय आणि खाली बारीक आयपी ६५. याचा अर्थ धूळ आत जाणार नाही आणि नळीने चहूबाजूंनी पाणी मारलं तरी चालेल, एवढाच. पाण्यात बुडून राहणं त्यात येत नाही. त्यामुळे माडाच्या आळ्यात किंवा पाणी साचतं अशा खोलगट जागी हे लावू नका, तिथे किमान आयपी ६७ लागतो (१ मीटर पाण्यात अर्धा तास). जमिनीत गाडायचे फरशीलेव्हलचे दिवे असतील तर ६७ घेऊनसुद्धा खाली खडीचा थर हवाच, नाहीतर पाणी जाणार कुठे.

आता कनेक्टर. वायरवर क्लिप दाबायची, आतल्या दोन पिना वायरीत घुसतात, झालं कनेक्शन. दिसायला झकास, पण त्या भोकातून पाणी शिरतं आणि तांबं हिरवं पडतं. आमच्या वायरमनने एक उघडून बघितला आणि सगळे परत पिशवीत भरले, ‘काका, हे दिवाळीपुरतं ठीक, मिरगाला टिकायचं नाय.’ त्याने जेल भरलेले जॉइंट वापरले, तेही जमिनीत न गाडता गडग्याला (दगडी कुंपणाला) लावलेल्या डब्यांत, डब्यात केबल खालच्या बाजूने ग्लँडमधून (केबलभोवती घट्ट बसणाऱ्या बुचातून) घेतलेली. टेप गुंडाळून मातीत पुरलेला जॉइंट हा तर प्रकारच वाईट.

बंडलातली वायरही बारीक आहे. हिशोब करून बघा, ६० वॅट भागिले १२ व्होल्ट म्हणजे ५ अँपिअर. २० मीटरवर सगळा लोड टोकाला धरला तर १.५ स्क्वेअरच्या (चौरस मिलिमीटर जाडीच्या) तांब्याच्या वायरीतसुद्धा अडीच व्होल्टच्या आसपास वाटेतच कमी होतात, आणि ही तर त्याहून बारीक, मग शेवटचे दिवे मिणमिणणारच. वायरमनने ४ स्क्वेअर टाकली आणि ड्रायव्हर पाखाडीच्या मधोमध गडग्यावरच्या बंद बॉक्समध्ये ठेवून दोन्हीकडे सहा-सहा दिवे काढले. करंट निम्मा, लांबी निम्मी, व्होल्टेजची घट चौथाईवर. आता पहिला दिवा आणि शेवटचा दिवा यात फरक कळत नाही.

पण याचा अर्थ २३० व्होल्टची लाइन त्या बॉक्सपर्यंत न्यायची, आणि जीवाशी खेळ होऊ शकतो तो इथेच. साध्या वायरी पाइपात घालून वर माती लोटायचं काम आमच्याकडे सर्रास चालतं. आमच्या वायरमनने आर्मर्ड केबल (बाहेरून धातूचं कवच असलेली) घेतली, अडीच फूट चर, खाली रेती, केबल, परत रेती, वर आडव्या विटा, मग धोक्याची पट्टी आणि माती, म्हणजे उद्या कोणी कलम लावायला टिकाव मारला तरी आधी पट्टी आणि वीट लागेल. केबलचं आर्मर अर्थिंगला जोडलं आणि बोर्डात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट जमिनीत गळायला लागला की लाइन तोडणारा स्विच) बसवली. नुसत्या एमसीबीवर विसंबू नका, ती ओव्हरलोड आणि शॉर्टसाठी असते, ओल्या मातीतून माणसाच्या अंगातून जाणारा थोडासा करंट तिला कळतसुद्धा नाही. आरसीसीबीचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा बाबा दाबतात, खटकन पडली पाहिजे. आणि हो, उन्हाळ्यात जांभा ठणठणीत कोरडा होतो तेव्हा अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालायचं.

चर बुजवायच्या आधी टेप धरून फोटो काढून ठेवा, गडग्यापासून किती फुटांवर केबल आहे ते पुढच्या माळ्याला दाखवायला.

खर्चाचं म्हणाल तर चर, केबल आणि मजुरी मिळून सेटच्या दुपटीच्या वर गेलं. दिव्यांना ५ पैकी ४, वायर आणि कनेक्टरला १. सुटे दिवे मिळत असतील तर सेट घेऊच नका, बाकीचं सामान परवानाधारक वायरमनला बरोबर घेऊन तालुक्याच्या दुकानातून आणा. आणि घर कातळावर असेल तर दिवे ऑर्डर करायच्या आधी खोदाईचा भाव विचारा.